मुलींना सांगायचा इतिहास

मल्लेश्वरम, बंगळूर
१० जून १९६१
(पोस्टकार्ड)

श्रीमती अहल्याअक्कांना नमस्कार.

तुम्ही आमच्या मागचं घर सोडून बसवनगुडीला भावाकडे राहायला गेलात, असं कामवाल्या भागुबाईकडून कळलं. तुमच्या प्राणेशचा पाय कसा आहे? आपण तिन्ही मुलांसाठी इतिहासाचे धडे लिहिले होते ती खाकी पुठ्ठ्याची वही तुमच्याकडे राहिली आहे. अलका आणि प्रतिमा यांचा अभ्यास आता मी एकटीच घेते. वही मिळाल्यास उपयोग होईल. फेब्रुवारीत मी जे लिहिलं त्याबद्दल माझं मत बदललेलं नाही, परंतु बाकीचे धडे चांगले होते.

वही भागुबाईजवळ द्यावी. ती दर शुक्रवारी तुमच्या बाजूला भाचीकडे येते. पोस्टाने घरी पाठवू नये.

ह्यांच्या आत्या, अंबूबाई, वाईहून मदतीला आल्या आहेत. बाकी खुशाल.

हेमलता


मल्लेश्वरम
२६ जून १९६१

अहल्याअक्का,

शुक्रवारी वही मिळाली. सोबत चिठ्ठी नव्हती. त्याबद्दल मी काही म्हणणार नाही. फेब्रुवारीतलं ते पत्र मला आलं असतं तर मीही लिहिली नसती. पण नवव्या धड्याचं पान तुम्ही ब्लेडने कापून काढलंत. आठव्यानंतर एकदम दहावा. अलकाने वही हातात घेतल्या घेतल्या विचारलं, "आई, पेवातला धडा कुठे गेला?" मी म्हटलं, फाटला असेल. तिने कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "फाटलेलं असं सरळ नसतं."

पोस्टकार्ड कुणीही वाचतं म्हणून मी तसं लिहिलं होतं. हे पाकिटात आहे, तेव्हा थोडं खरं लिहिते.

मला तो धडा नको नव्हता. मला तो सगळ्यात जास्त हवा होता.

तुमच्या ओसरीवरचा तो पहिला दिवस मला रोज आठवतो. कानडी तुम्ही शिकवायचं, मराठी आणि गणित मी, एवढं दहा मिनिटांत ठरलं. इतिहासाशी आलो आणि अडलो. मी पुण्याहून मागवलेलं चौथीचं पुस्तक काढलं, तुम्ही इथलं कानडी काढलंत. माझ्या पुस्तकात बंगळूर एका ओळीत होतं, शहाजीराजांची जहागीर म्हणून. तुमच्या पुस्तकात मराठे एका ओळीत होते, आणि ती ओळ काही गौरवाची नव्हती. मग तुम्ही म्हणालात, "हेमा, दोन्ही मिटव. स्वल्प, जरा पोरांना विचारू, त्यांना काय कळून घ्यायचंय."

प्राणेशला किल्ला हवा होता. अलकाला तळं. प्रतिमा सहा वर्षांची, तिने विचारलं की हे घर बांधायच्या आधी इथे कोण राहत होतं. तुम्ही म्हणालात, "सरी, ठीक आहे, हाच पहिला धडा." आणि आपण पायाखालून सुरुवात केली. आधी घर, मग गल्ली, मग तळं कुणी बांधलं, मग केंपेगौडांचा मातीचा कोट, मग शहाजीराजे. एकेका धड्याला आठवडा जायचा. दोन्ही पुस्तकं ताडून पाहायची, जे जुळत नाही ते पोरांना तसंच सांगायचं. लग्नानंतर इतक्या वर्षांत माझं डोकं इतकं चाललं नव्हतं, अक्का. दुपारी दोन वाजता मागचं फाटक ढकलून तुमच्याकडे यायचे, तेव्हा मला वाटायचं मी कामावर निघाले आहे.

नववा धडा मराठ्यांच्या म्हैसूरवरच्या स्वाऱ्यांचा. मी मोठ्या हौसेने 'मोहिमा' असा मथळा लिहिला. तुम्ही म्हणालात, "तुझ्या पुस्तकात मोहीम. आमच्या घरात तिला 'ती पळापळ' म्हणतात." आणि मग तुम्ही तुमच्या आजीकडून ऐकलेलं सांगितलंत. तुमची माणसं शहाजीराजांबरोबर कारकून म्हणून आलेली, घरात मराठी बोलणारी. शंभर वर्षांनी मराठ्यांची फौज आली, तेव्हा गावातल्या सगळ्यांबरोबर तीही लपली. एक बाई दोन मुलं घेऊन जमिनीखालच्या नाचणीच्या पेवात उतरली. वर घोडे थांबले, शिपाई आपसात बोलले, आणि मराठी कानावर पडलं म्हणून धाकट्याला वाटलं घरचंच कुणी आलं. त्याने खालून ओ दिली.

पुढे काय झालं ते आजीने कधी सांगितलं नाही, म्हणून आपणही ते लिहिलं नाही. मग अलकाने विचारलं, "आपण कोण? वरचे का पेवातले?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मी तुमच्याकडे. उत्तर दोघींजवळ नव्हतं. मला ते फार आवडलं होतं, अक्का.

पान जपून ठेवलं असेल तर पाठवा. टाकलं असेल तर तसं सांगा.

हेमलता


मल्लेश्वरम
१८ जुलै १९६१

अहल्याअक्का,

तीन आठवडे झाले. भागुबाईला विचारलं तर ती म्हणते, "पोस्टाच्या पेटीत टाकलं, अम्मा. पुढचं मला काय ठाऊक?" तुम्ही वाचत नसाल किंवा वाचून ठेवून देत असाल. तरी लिहिते. ह्या घरात मला दुसऱ्या कुणाशी बोलता येत नाही.

आमच्या मुलींना हवा मानवत नाही म्हणून शाळेत घालत नाही, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते खोटं. अलका पहिलीत असताना प्रार्थनेच्या वेळी तिला फिट आली. शाळेने घरी ठेवायला सांगितलं. ह्यांनी त्याच आठवड्यात घर बदललं, म्हणून आम्ही तुमच्या पुढच्या घरात आलो. मग प्रतिमाला शाळेत घातलं तर लोक विचारतील की मोठी का जात नाही, म्हणून तीही घरी. मग मला बाहेर पडायचं कारण राहिलं नाही. तुमच्याकडे यायला तेवढी ह्यांची परवानगी होती, कारण तुमच्याकडे कुणी येत नसे.

देवनहळ्ळीला जाताना मी ह्यांना सांगितलं नव्हतं. रविवारी हे कारखान्याच्या कामाला गेले होते आणि मुलांना किल्ला दाखवायचा होता. अलकाला फिटची गोळी सकाळीच दिली होती. बुरुजाच्या पायऱ्यांवर अलका पडली तेव्हा तुम्ही तिला कुशीवर वळवलंत, पदराची घडी डोक्याखाली घातलीत, आणि प्राणेशला म्हणालात, "घाबरू नको, राजा. ती दमली आहे, उठेल." मला एक प्रश्न विचारला नाहीत. परतीच्या बसमध्ये येलहंका येईपर्यंत तुम्ही तिला मांडीवर घेऊन बसला होतात. मी तुम्हाला तेव्हाच सगळं सांगायला हवं होतं.

ह्यांच्या कारखान्यातले जयसिंगराव कुटुंब घेऊन त्याच किल्ल्यावर आले होते. माणूस चांगला आहे. सोमवारी त्यांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं की माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, वहिनींना म्हणावं काळजी करू नका.

हे घरी आले, बूट काढले, आणि म्हणाले, "किती लोकांनी पाहिलं?"

मी म्हटलं, "मला ठाऊक नाही. मी तिचं डोकं धरलं होतं."

"उद्यापासून मागे जाणं बंद."

"अक्कांना काय सांगू?"

"काहीही सांग. फिट्सचं नाव नको. आणि इथे आणायचं नाही कुणाला."

आवाज चढला नव्हता. ह्यांचा आवाज चढत नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या फाटकाला काटेरी तार बांधली. आणि त्याच संध्याकाळी अलकाची नखं कापत बसले होते, एकेक बोट हातात घेऊन. टेबलाच्या, पलंगाच्या, देव्हाऱ्याच्या कोपऱ्यांना ह्यांनी स्वतः कापड गुंडाळलं आहे. हे वाईट असते तर मला सोपं गेलं असतं.

काहीही सांग म्हणाले. मी इतिहास निवडला. तब्येतीचं काही लिहिलं असतं तर तुम्ही विचारपूस करायला आला असतात, आणि तुम्ही दारात दिसलात की मी सगळं बोलले असते. म्हणून असं लिहायला हवं होतं की तुम्ही येणारच नाही. "मराठ्यांना लुटारू ठरवणारा इतिहास माझ्या मुलींना नको. तीनशे वर्षं परमुलखात राहून तुमच्यात मराठीपण उरलेलं नाही." हे वाक्य मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मी शोधून काढलं, कारण कुठे लागेल ते मला ठाऊक होतं.

आता अंबूआत्या दिवसभर पुढच्या खोलीत बसतात आणि मी मागच्या. रस्त्यावरची खिडकी शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी बंद ठेवायची. दुपारी दोन वाजले की अलका मागच्या दारात जाऊन उभी राहते. तुमच्या घरात आता कुणी नाही, तरीही.

हेमलता


मल्लेश्वरम
५ सप्टेंबर १९६१

अहल्याअक्का,

तुमचं उत्तर नाही, पण इथे जे झालं ते सांगायलाच हवं.

अंबूआत्या तोंडाच्या कडक असल्या तरी आतून मऊ आहेत. गेल्या महिन्यात अलकाला सकाळी फिट आली तेव्हा त्यांनी तिला माझ्या आधी सावरलं, अगदी सरावाच्या हाताने. मी विचारलं, "आत्या, तुम्हाला हे कसं येतं?" त्या तांदूळ निवडायला बसल्या. मग म्हणाल्या, "गोदीला करायची मी."

गोदावरी म्हणजे ह्यांची मोठी बहीण. लग्नाला बारा वर्षं झाली, ह्यांना बहीण होती हे मला ठाऊक नव्हतं. तिलाही फिट्स यायच्या. वाईच्या घरात मागच्या खोलीत ठेवलेली असायची. पाहुणे आले की बाहेरून कडी. अकराव्या वर्षी ती विहिरीत पडली आणि गेली. "त्यानंतर घरात तिचं नाव बंद झालं," आत्या म्हणाल्या. "एखादा फोटो होता तोही कुणी काढून टाकला. चुकून कुणी नाव घेतलं तर हा तुझा नवरा, दामू, पानावरून उठायचा. म्हणून कुणी घेईनासं झालं."

ह्या घरात राहायला आलो तेव्हा ह्यांनी सामान लावायच्या आधी अंगणातल्या विहिरीवर पत्रा ठोकून घेतला होता. मला वाटलं होतं, माणूस व्यवस्थित आहे.

मी आठ दिवस विचार केला. आपण मुलांना सांगत होतो की जुळत नाही तेही सांगायचं, लपवायचं नाही. आणि माझ्या मुलीला वाटतं की साऱ्या जगात ती एकटीच अशी आहे. मी तिला सांगितलं. गोदाआत्या होती, तुझ्यासारखी होती, अशी गेली. अलका रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "ती कितवीत होती?"

त्या संध्याकाळी जेवताना ती ह्यांना म्हणाली, "बाबा, गोदाआत्या पडायची तेव्हा तिला तुमचे आवाज ऐकू यायचे का? मला येतात थोडे."

ह्यांनी हातातला घास खाली ठेवला. उठून हात धुतले. दोन दिवसांनी अंबूआत्यांना पुणे गाडीत बसवून दिलं.

मला वाटलं, आता घर थोडं मोकळं होईल. पण राखायला कुणी नाही म्हणून ह्यांनी पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावायला सुरुवात केली. सकाळी सातला कारखान्याची बस येते. हे बाहेर पडतात, कुलूप लावतात, दोनदा ओढून पाहतात. मागच्या अंगणाला तार आहेच. साडेपाचला कुलूप निघतं. भागुबाई भांडी घासायला आता सकाळी सहाला येते, म्हणून हे पत्र पहाटे लिहिते आहे.

मी म्हटलं, "मुलीला काही झालं तर मी दवाखान्यात कशी नेऊ?"

हे म्हणाले, "घरात काही होत नाही."

काल झालं. नऊच्या सुमाराला अलका न्हाणीघरात पडली. कोपऱ्यांना सगळीकडे कापड आहे, पण नळाला नव्हतं. कपाळ फुटलं. मी साडीचा काठ दाबून धरला. प्रतिमा दार वाजवत राहिली, रस्त्यावरून एक माणूस थांबला, कुलूप पाहिलं, काय समजायचं ते समजला आणि गेला. रक्त अकराला थांबलं. साडेपाचपर्यंत मी तिला मांडीवर घेऊन बसले होते. ती एकदा म्हणाली, "आई, आपण पेवात आहोत ना?"

ह्यांनी आल्या आल्या टॅक्सी आणली, डॉक्टरांकडे नेलं, तीन टाके पडले. परत आल्यावर न्हाणीघरात जाऊन नळाला कापड गुंडाळत बसले. आज सकाळी पुन्हा कुलूप लागेल.

तुमचं दार मला उघडेल की नाही ते ठाऊक नाही. मी येते आहे.

हेमलता


मल्लेश्वरम
५ ऑक्टोबर १९६१

अहल्याअक्का,

हे पत्र वेल्लोरच्या पत्त्यावर पाठवते आहे. तुमच्या भावाने, रघुपतीअण्णांनी, पत्ता दिला आणि आता पत्रं चालतील असं सांगितलं. प्राणेशचं ऑपरेशन नीट झालं, कुबडीवर चार पावलं टाकली, हे ऐकून दोन्ही मुलींनी घरभर लंगडी घातली.

मी तीन महिने तुमच्या रागाशी बोलत होते, आणि तुम्ही जूनपासून दवाखान्यात होतात. तुमच्या भावजयीने, अनुसूयावहिनींनी, पोस्टकार्ड वाचून वही पाठवली. पाकिटं त्यांनी उघडली नाहीत. ऑपरेशन होईपर्यंत तुम्हाला कसलीही पत्रं पाठवू नयेत असं अण्णांनी सांगितलं होतं, म्हणून ती कपाटात तशीच होती. वहिनींनी ती माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "परत नेणार असशील तर ने." क्षणभर माझा हात पुढे गेला. पण नेली नाहीत. ह्याच पाकिटात आहेत, क्रमाने वाचा.

पान का कापलं तेही वहिनींनी सांगितलं. प्राणेशला वेल्लोरला तो धडा बरोबर न्यायचा होता, आणि जड वही नको म्हणून तुम्ही एकच पान नेलंत. मी त्याचा काय काय अर्थ लावला होता.

आता घडलं ते सांगते. शेवटचं पत्र भागुबाईजवळ दिलं त्याच सकाळी, पावणेसातला, हे आत बूट घालत होते तेव्हा मी दोन्ही मुलींना घेऊन बाहेरच्या पायरीवर जाऊन उभी राहिले. चपला घालून, अलकाच्या कपाळाला पट्टी. हे कुलूप घेऊन बाहेर आले आणि आम्हाला पाहून थांबले.

"आत चला," म्हणाले.

"आम्ही बसवनगुडीला जातो आहोत. अहल्याअक्कांकडे."

"अशी? हिला घेऊन? रस्त्यात पडली तर?"

"पडली तर कुशीवर वळवीन. रस्त्यावर निदान कुणी हाक ऐकेल."

कोपऱ्यावर कारखान्याची बस आली, भोंगा वाजला. हे बसकडे पाहत होते, आमच्याकडे पाहत होते, आणि हातात उघडं कुलूप. बस पुन्हा वाजली आणि निघून गेली. बारा वर्षांत ह्यांची बस चुकली नव्हती. हे तिथेच उभे राहिले. मी मुलींचे हात धरून चालू लागले. मला वाटत होतं मागून हाक येईल. आली नाही. बसमध्ये बसल्यावर प्रतिमाने माझ्या गुडघ्यांवर आपले दोन्ही हात ठेवले.

तुम्ही नव्हतात, पण वहिनींनी काही न विचारता पानं वाढली. आम्ही सहा दिवस तुमच्या खोलीत राहिलो. हे तिसऱ्या दिवशी आले. दाढी वाढलेली. अण्णांनी आत बोलावलं, पण हे व्हरांड्यातच बसले. मी चहा नेऊन ठेवला.

हे म्हणाले, "आत्याने तुला सगळं सांगितलं नाही. तिला ठाऊकच नाही."

मी उभीच होते.

"त्या दिवशी गोदीजवळ मला बसवलं होतं. मी नऊ वर्षांचा होतो. आईने सांगितलं होतं, दारातून हलू नकोस, कडी काढू नकोस. गोदी म्हणाली, दामू, अंगणात चिंचा पडल्या आहेत, आण ना. मी कडी काढली. दोघं अंगणात गेलो. चिंचा वेचत मी भिंतीपलीकडे गेलो. परत आलो तर ती नव्हती." पुन्हा म्हणाले, "कडी मी काढली होती."

इतकी वर्षं ज्या माणसाबरोबर काढली त्याला मी त्या दिवशी पहिल्यांदा रडताना पाहिलं. मला जवळ जावंसं वाटलं, गेलेही. पण अक्का, तेव्हाही मला ठाऊक होतं की आत्ता मी विरघळले तर उद्या सातला पुन्हा कुलूप लागेल. मी म्हटलं, "नऊ वर्षांच्या मुलाकडे राखण दिली, ही चूक मोठ्यांची. आणि तिला कोंडलं ही त्याआधीची. तुम्ही कडी काढलीत ते बरोबर केलंत. बाहेर कुणीतरी मोठं माणूस हवं होतं, एवढंच."

मी पुढे म्हटलं, "मुली शाळेत जातील. दाराला कुलूप लागणार नाही. आणि शाळेत तुम्ही स्वतः सांगायचं, अलकाला काय होतं ते. मी सांगणार नाही. हे होणार असेल तर मी घरी येते."

तीन दिवस लागले. सगळं गोड झालं असं समजू नका. हे माझ्याशी कामापुरतं बोलतात. मागच्या फाटकाची तार अजून तशीच आहे. सकाळी बाहेर पडताना ह्यांचा हात अजून दाराकडे जातो, आणि मी आतल्या बाजूला उभी असते.

पण गेल्या शुक्रवारी आम्ही चौघं इथल्या मुलींच्या कन्नड शाळेत गेलो. मुख्याध्यापिका अनुसूयावहिनींच्या मैत्रीण आहेत. त्यांनी मुलींना वाचायला दिलं, दोघींनी वाचलं. तुमची कानडी, अक्का, बाईंनी विचारलं कुणी शिकवलं. मग फॉर्म पुढे घेऊन त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे उठून उभे राहिले, ऑफिसात साहेबासमोर उभं राहावं तसे, आणि इंग्रजीत म्हणाले की मोठ्या मुलीला फिट्स येतात, वर्षातून सहा-सात वेळा. रोज गोळी चालू आहे. बाईंनी मान हलवली, लिहिलं, आणि कानडीत काहीतरी विचारलं.

ह्यांना कळलं नाही. मला कळलं होतं. मी सांगणार तेवढ्यात अलका म्हणाली, "बाबा, त्या विचारतात, घरात आणखी कुणाला होतं का?"

मी पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिले. बाहेर कुठल्या तरी वर्गात पाढे चालले होते.

"माझ्या बहिणीला," हे म्हणाले.

अलकाने बाईंकडे वळून तेच कानडीत सांगितलं, "नम्म अत्तेगे."

बाईंनी विचारलं, नाव काय. हे अलकाने सांगायच्या आधीच ह्यांना समजलं.

"गोदावरी," हे म्हणाले. "गोदी म्हणायचे. वय अकरा."

बाईंनी ते लिहून घेतलं, वर टिपकागद दाबला, आणि मुलींना विचारलं, डबा आणणार की दुपारी जेवायला घरी जाणार.

तुमची
हेमा